व्हिएन्नाला कॉन्फरन्स आहे, पहिलाच परदेश प्रवास, जरा मदत करा

निरगुडी

नमस्कार मंडळी. मी सांगलीकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. बेसाल्टातल्या भूजलावर काम केलंय, त्याचं पोस्टर व्हिएन्नाच्या ईजीयू (युरोपियन जिओसायन्सेस युनियन, भूविज्ञानवाल्यांची संघटना) जनरल असेंब्लीत ॲक्सेप्ट झालंय, मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. आता मार्च सुरू झालाय आणि मला काहीच सुचेनासं झालंय. पासपोर्ट आहे पण अजून कोरा. एकटीच जाणार आहे, पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

प्रश्न असे की सिम इथून घ्यायचं का तिथे, पैसे कॅश न्यायचे की कार्ड, एअरपोर्टवरून हॉटेलला टॅक्सी करावी का, हॉल ऑस्ट्रिया सेंटर म्हणून आहे तर राहायचं कुठे, आणि घरून खायला काय काय नेता येतं? सासूबाईंनी बेसनलाडवांची तयारी सुरू पण केलीये. कॉन्फरन्स झाल्यावर एखाद दिवस बुडापेस्ट किंवा प्राग बघून यावं असंही मनात आहे. व्हिसाचं काय ते एजंट बघेल म्हणतायत सगळे, तर ते सोडून बाकीचं सांगितलंत तरी चालेल.

ट्राम_७१

अभिनंदन! मी व्हिएन्नात राहतो, दर वर्षी या कॉन्फरन्सच्या आठवड्यात मेट्रोत पोस्टरच्या नळ्या घेतलेली माणसं दिसतात. पण ताई तुम्ही जे सोडून द्या म्हणताय तेवढंच एक अवघड आहे, बाकी सगळं इथे उतरल्यावर अर्ध्या तासात जमतं. लाडू बाजूला ठेवा आणि आज, म्हणजे खरंच आज, व्हिसाची अपॉइंटमेंट बघा.

ऑस्ट्रियाचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच), अर्ज व्हीएफएस म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर द्यायचा, बोटांचे ठसे तिथेच घेतात. नियमात निर्णयाला १५ दिवस लिहिलेत पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात, आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे शहाणी माणसं कधीच करून बसलेली असतात. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडच्या युरोप टूरवाल्यांचा सीझन, तेव्हा अडतं ते बहुतेक अपॉइंटमेंटच्या स्लॉटपाशीच. मुंबईला नसेल तर दुसऱ्या शहरातल्या सेंटरवर मिळतोय का ते पण बघा. फी ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

कागद: पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला, परत यायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी (तुमची सगळीच आहेत, छान). कमीत कमी ३० हजार युरो कव्हर असलेला आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स. बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिपा, आयटीआर, कॉलेजची एनओसी, आयोजकांचं आमंत्रणपत्र, विमान आणि हॉटेलचं बुकिंग. आमंत्रणपत्र आपोआप येत नाही हं, रजिस्ट्रेशन करून पैसे भरले की मागून घ्यायचं, आणि त्यात नाव पासपोर्टवर आहे तस्संच पाहिजे. वडलांचं नाव मध्ये आहे की नवऱ्याचं, आडनाव लग्नाआधीचं की नंतरचं, आपल्या बायकांच्या कागदांत हा घोळ हमखास असतो. एनओसीत एक, पासपोर्टवर दुसरं आणि आमंत्रणपत्रात तिसरं असं झालं तर एजंट काही करू शकत नाही.

तारखांचंही तेच. रजा, इन्शुरन्स, हॉटेल, विमान सगळीकडे तारखा जुळल्या पाहिजेत. व्हिसा अधिकारी समोर बसवून विचारत नाही, त्याला फक्त कागद दिसतो, मग त्या कागदावरून तुम्ही का जाताय, कोण पैसे देतंय आणि परत का येणार एवढं कळलं पाहिजे. नोकरी पर्मनंट असेल तर तसं एनओसीत स्पष्ट लिहून घ्या.

गणपतगल्ली

एवढं कशाला, एजंट पाचशे-हजारात डमी तिकीट काढून देतो की, सगळेच करतात. व्हिसा आला की मग खरं तिकीट काढायचं.

ट्राम_७१

@गणपतगल्ली करतात सगळे, आणि त्यातले काही अडकतातही. पीएनआर टाकून बघायला एक मिनिट लागतं. खोटा कागद दिला असा शेरा एकदा पडला की तो नुसत्या नकारापेक्षा वाईट, पुढच्या अर्जांनाही चिकटतो. अर्जासाठी पैसे भरलेलं तिकीट लागतच नाही, खरं रिझर्व्हेशन लागतं, काही एअरलाइन थोडे पैसे घेऊन भाडं होल्ड करून देतात, आणि हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालं मिळतं. सरळ मार्ग असताना वाकडं कशाला जायचं?

पोटखराबा

एक मुद्दा राहतोय. ताई तुमचं तिकीट कोण काढतंय, तुम्ही स्वतः की कुठली ग्रँट? केंद्र सरकारच्या पैशातून जाणार असाल तर आवडेल त्या वेबसाइटवरून स्वस्त बघून तिकीट काढायची सोय नाही, बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स नाहीतर आयआरसीटीसी या तीन सरकारमान्य ट्रॅव्हल एजंटांकडूनच काढावं लागतं. पैसे देणाऱ्यांच्या अटी आधी वाचा आणि मगच बुक करा, नंतर बिल परत आलं की लेखा विभागाच्या पायऱ्या झिजवायच्या. बोर्डिंग पास जातानाचे, येतानाचे, मधल्या कनेक्शनचेसुद्धा जपून ठेवा, मोबाइलवरचा असला तर स्क्रीनशॉट काढा.

आणि एनओसी. अनुदानित कॉलेज असेल तर नुसती प्राचार्यांची सही पुरते का, की संस्था, विद्यापीठ, सहसंचालक कार्यालय असा फेरा आहे ते विचारून घ्या. आमच्याकडे एका टेबलावर फाइल अशी बसली होती की व्हिसाचे १५ दिवस त्यापुढे किरकोळ वाटले. परदेश प्रवासाची परवानगी वेगळी आणि रजा मंजुरी वेगळी, दोन्ही लेखी घ्या.

पोस्टर कापडावर छापा, घडी करून बॅगेत जातं. नळी नेली तर काही एअरलाइन ती वेगळी हँडबॅग धरतात. फक्त कापड म्हणजे कापड, आपल्या चौकातलं वाढदिवसाचं फ्लेक्स नव्हे, त्याला घडी पडली की तुमचा आलेख चंद्रावरच्या खड्ड्यासारखा दिसेल. बोर्ड उभा की आडवा हे आयोजकांच्या सूचनेत बघून मगच डिझाइन करा.

निरगुडी

बाप रे. म्हणजे मी उलट्या टोकाने सुरुवात करत होते. एनओसीचा अर्ज आज दिला, पासपोर्टवर सासरचं आडनाव आहे आणि रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने केलंय (पेपर त्याच नावाने आहेत), ते बदलायला आयोजकांना मेल टाकलाय. अपॉइंटमेंट मुंबईला पुढच्या आठवड्यातली मिळाली, कुणीतरी सोडलेली असणार. तिकिटाचे पैसे माझे मीच घालतेय, त्यामुळे ती एक भानगड नाही. आता बाकीचं सांगा की!

ट्राम_७१

झकास, आता लाडवांवर येऊ. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तुपाचा डबा, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्या पण नकोत, त्यांना सर्टिफिकेट लागतं. बिस्किटं, केक, गोळ्या-चॉकलेट यांना सूट आहे, आता बेसनलाडू यात कुठे बसतो हे रात्रीच्या विमानाने उतरल्यावर कस्टमवाल्याला कोण समजावणार? मी तरी आणत नाही. चटण्या, मेतकूट, भाजणी, तेलातली चकली, तिखटमिठाच्या पुऱ्या, खाकरे खुशाल आणा.

एअरपोर्टवरून टॅक्सी मुळीच नको. थेट रेल्वेने वीन हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला, पाव तासात येता, तिथून मेट्रोची यू१ लाइन पकडली की कायझरम्यूलेन स्टेशनला उतरून समोर ऑस्ट्रिया सेंटर. एअरपोर्टवर हिरव्या रंगाच्या कॅट ट्रेनच्या जाहिराती दिसतील, ती वीन मिटेला १६ मिनिटांत नेते पण महाग आहे, आणि तुम्हाला यू१ हवी असल्यावर तिचा काही उपयोगही नाही. हाउप्टबानहोफ म्हटलं की झालं. निघायच्या आदल्या दिवशी ओबीबीचं, म्हणजे इथल्या रेल्वेचं, ॲप बघा, सध्या शहराच्या मधल्या लोकल मार्गावर मोठं काम चालू आहे आणि एस-बानच्या (लोकलच्या) गाड्या बदलतात.

राहायला यू१वरच कुठेही बघा, प्राटरश्टेर्न, केप्लरप्लाट्झ, कागरान. हॉलच्या शेजारची हॉटेलं त्या आठवड्यात वेड लागल्यासारखे भाव लावतात आणि संध्याकाळी सात नंतर तिथे शुकशुकाट असतो. तिकीट सात दिवसांचं काढा, मेट्रो-ट्राम-बस सगळ्यात चालतं, मात्र एअरपोर्ट त्या तिकिटाच्या हद्दीबाहेर आहे, तेवढ्या तुकड्याचं वेगळं. स्टेशनवर गेट नाही, कुणी अडवत नाही, म्हणून फुकट आहे असं समजू नका. साध्या कपड्यातला चेकर येतो आणि दंड शंभर युरोच्या वर आहे. कागदी तिकीट असेल तर आत जाताना निळ्या मशिनमध्ये शिक्का मारायचा, नाहीतर ते तिकीटच नाही.

रविवारी दुकानं बंद, सगळी. कॉन्फरन्स रविवारी सुरू होते आणि तुम्ही बहुधा शनिवारी रात्री पोचणार, तर पहिल्या दिवसाचं खाणं बॅगेत ठेवा. मोठ्या स्टेशनांतली काही सुपरमार्केट उघडी असतात पण तिथे अख्खं शहर लोटलेलं असतं. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांवरून येतं, पहिली लाइन १८७३ची आहे, भूजलवाल्या बाईंना हे सांगायला हवंच होतं.

सोललेला_लसूण

शाकाहारी म्हणून माझं ऐका, सूप जपून. फ्रिटाटनझुपे म्हणून एक सूप असतं, त्यात धिरड्याच्या शेवया तरंगत असतात, मेनूवर मांसाचं नाव नाही, पण पाणी गोमांसाच्या हाडांचं. बटाट्याच्या सॅलडमध्ये पण काही ठिकाणी तोच रस्सा. आणि केझश्पेत्झले (चीजमधल्या शेवया), कायझरश्मारन (गोड धिरड्याचे तुकडे) यात अंडं असतंच, पीठच अंड्यात भिजवतात. वेगान हा शब्द वापरा, वेजिटारिश म्हटलं की अंडं चालतं असं धरतात. वेगान म्हटल्यावर दूधपण जातं पण निदान प्रश्न मिटतो. फलाफल (छोल्यांचे वडे) सगळीकडे मिळतं, नाशमार्केट म्हणून बाजार आहे तिथे ढिगाने स्टॉल आहेत, तोही रविवारी बंद. इलेक्ट्रिक केटलवालं हॉटेल घ्या, उपमा-पोह्याची पाकिटं आणि ताई निवांत.

मोबाइलचा दोन पिनी चार्जर तिथे बसतो, लॅपटॉपची तीन पिनी नाही बसत, जाड दोन पिनी युरोपियन ॲडॉप्टर इथूनच घ्या. नेहमीच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट न्या, साधी पॅरासिटामॉलसुद्धा तिथे फक्त औषधाच्या दुकानात मिळते, किराण्यात नाही.

पोटखराबा

पैशाचं कुणी बोललं नाही. फॉरेक्स कार्ड (परकी चलन भरलेलं प्रीपेड कार्ड) युरोत भरून न्या, थोडी कॅश, दीडदोनशे युरो, कारण छोट्या कॅफेत अजून रोख मागतात. मशिन रुपयात पैसे कापू का विचारेल, नेहमी युरोच दाबा, रुपयाचा दर त्यांच्या मनाचा असतो. एटीएम बँकेच्या भिंतीतलंच वापरा. सिमचं म्हणाल तर फोनला ई-सिम चालत असेल तर निघण्याआधीच घेऊन टाका, तिथे प्रीपेड सिमला पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते आणि रविवारचं ट्रामवाल्यांनी सांगितलंच.

निरगुडी

हे सगळं प्रिंट काढून ठेवतेय. बुडापेस्टचं राहिलं. आणि विमान मी फ्रँकफर्टवरून बघतेय, मध्ये एक तास दहा मिनिटं आहेत, स्वस्त आहे, चालेल ना?

ट्राम_७१

नाही चालणार. शेंगेनमध्ये पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, म्हणजे तुमचं फ्रँकफर्टला. ऑक्टोबर २०२५ पासून नवी एंट्री-एक्झिट सिस्टीम आलीये, पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे, पहिल्यांदा येणाऱ्याला जास्त वेळ लागतो, शिवाय परत सिक्युरिटी. तीन तास तरी ठेवा, नाहीतर दोहा-दुबईवरून थेट व्हिएन्नाला उतरा म्हणजे इमिग्रेशन शेवटी होतं, रांग लागली तरी पुढचं विमान चुकायची भीती नाही. कागदांची फाइल हँडबॅगेत, आमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट वरच.

बुडापेस्ट अडीच तासांवर, प्राग चार. दोन्ही शेंगेनमध्येच, वेगळा व्हिसा नको, पण युरो नाहीत, एकीकडे फोरिंट आणि दुसरीकडे कोरुना. अर्जात मुक्कामाचा मुख्य देश ऑस्ट्रिया आहे म्हणून व्हिसा ऑस्ट्रियाचाच, तो एक दिवस प्लॅनमध्ये लपवू नका, लिहून टाका, आणि रजेत व इन्शुरन्समध्ये पण धरा. एकच दिवस असेल तर मी ब्रातिस्लाव्हा म्हणेन, रेल्वेने तासाभरावर, युरोच चालतात आणि पासपोर्ट तेवढा सोबत ठेवा, सीमेवर कधीकधी गाडीत चेक करतात.

आपली एम्बॅसी ऑपेराजवळ केर्न्टनर रिंगवर आहे, पासपोर्ट हरवला तर तिथे. इमर्जन्सीला ११२. स्लॉटची तारीख आली की इथे कळवा, एनओसी नाही आली तर काय जोडायचं ते बघू.

निरगुडी

स्लॉट पुढच्या मंगळवारी सकाळी साडेनऊ, फाइल आज प्राचार्यांकडून संस्थेत गेलीये. सासूबाईंना लाडवांचं सांगितलं, त्या म्हणतायत मग चकल्या करते.