कॅनबराचे कांगारू: गोळी, लस की कुंपण? (चर्चा)

गवतकाडी

कॅनबरात शहराला लागून असलेल्या राखीव माळरानांवर 2009 पासून जवळपास दर हिवाळ्यात ईस्टर्न ग्रे कांगारूंचं कलिंग होतं, म्हणजे संख्या कमी करायला ठरवून मारलं जातं. सरकारचं कारण गवताचं आहे. कांगारू फार झाले की गवत जमिनीसरसं होतं आणि बिनकानाचा माळसरडा, पाय नसलेली पट्टेरी पाल, गोल्डन सन मॉथ हा पतंग यांचा आडोसा जातो. आपल्या लोकांत मात्र वेगळाच सूर ऐकू येतो: "रस्त्यात आडवे येतात, कमी झाले तर बरंच." ही सरळ सरमिसळ आहे. अपघातासाठी कलिंग म्हणजे दुखणं रेड्याला, औषध पखालीला.

माझे तीन आक्षेप.

एक, ईस्टर्न ग्रे मादीला वर्षाकाठी फार तर एकच पिल्लू होतं. त्यातली निम्मी नर, आणि पहिल्याच वर्षात मरणारी बरीच. मग एखाद्या राखीव क्षेत्रातला आकडा वर्षभरात दुपटीकडे गेलेला दाखवला, तर ती वाढ जन्मांची नसते, शेजारच्या कुरणांतून आलेल्या जनावरांची असते. नावेला भोक असताना पाणी उपसून काय होणार?

दोन, पिल्लांचं काय. मादी पडली की तिची पिशवी तपासायची आणि पिल्लू मारायचं, हे नियमातच आहे. केस न आलेल्याचं डोकं धारदार पात्यानं वेगळं करायचं, केस आलेल्याच्या डोक्यात जोरदार घाव घालायचा. "दयाळू पद्धत" म्हणणाऱ्यांनी ते कलम एकदा स्वतः वाचावं.

तीन, गोनाकॉन ही गर्भनिरोधक लस हाताशी आहे. तरी मुख्य हत्यार बंदूकच का?

माळरान

असहमत, पण मुद्दे नीट मांडलेत म्हणून एकेक घेतो.

स्थलांतराचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच गणती शहराची एकगठ्ठा न करता प्रत्येक क्षेत्राची वेगळी होते. छोट्या, उघड्या माळावर रांगेनं चालत हाकून मोजतात. मोठ्या किंवा झाडीच्या भागात ठरलेल्या रेषेवरून चालायचं, कळप दिसला की अंतर आणि कोन नोंदवायचा, त्यावरून घनता काढायची. गवताळ भागात हेक्टरी सरासरी एकाच्या आसपास कांगारू असावा, असा अंदाज धरतात. तेवढ्यानं गवत कुठे गुडघाभर, कुठे आखूड असं ठिगळाठिगळाचं राहतं आणि सरड्यांना नेमकं तेच लागतं. शून्य कांगारू कुणालाच नकोत. तसं झालं तर गवत दाटून गच्च होतं, तेही वाईट.

पिल्लांबद्दल. कलिंग 1 मार्च ते 31 जुलै याच काळात का, ते बघा. बहुतेक जन्म उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमाराला. पिल्लू साधारण 11 महिने पिशवीत आणि 18 महिन्यांपर्यंत अंगावर पितं. मार्च-जुलैमध्ये पिशवीतलं पिल्लू अगदी लहान असतं आणि आधीच्या वर्षीचं सुटं व्हायला आलेलं असतं. हेच काम ऑक्टोबरात केलं, तर नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू आईविना माळावर तडफडून मरेल. गोळी मेंदूतच लागली पाहिजे, आणि नेमबाजीची व प्राणी ओळखण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय इथे काम मिळत नाही. हे गोड आहे असं कुणी म्हणत नाही. पण कांगारू खाणारे डिंगो (रानकुत्रे) आपण हटवले, पाण्याच्या टाक्या आपण बांधल्या, माळाभोवती उपनगरं आपण वसवली. आता "निसर्गावर सोडा" म्हणायचं म्हणजे दुष्काळात उपासमारीवर सोडा, एवढाच अर्थ उरतो.

लस: गोनाकॉन गर्भधारणेचं चक्र सुरू करणाऱ्या संप्रेरकाविरुद्ध शरीराला प्रतिपिंडं बनवायला लावते. एक डोस बरीच वर्षं टिकतो, हे खरं. पण ती डार्टनं, म्हणजे दुरून मारायच्या सुईनं द्यावी लागते, एकेका मादीला. डार्ट लागला तिथे रंगाची खूण उमटते, नाहीतर तीच मादी पुन्हा टोचली जाते आणि शेजारची सुटते. पन्नास माद्यांच्या बंदिस्त टेकडीवर हे जमतं. चारशे माद्यांच्या उघड्या माळावर पहिल्या शंभरानंतर कळप माणूस दिसताच पळू लागतो. शिवाय लसीनं आजचा एकही कांगारू कमी होत नाही. चरणारी तोंडं तेवढीच राहतात.

गवतकाडी

म्हणजे आधी गोळीनं आकडा खाली आणायचा आणि मग लसीनं तिथे धरून ठेवायचा, असंच ना? मग प्रत्येक क्षेत्रासाठी तसं लिहून द्या: अमुक घनता आली की बंदूक बंद, पुढे फक्त डार्ट. पंधरा-सोळा वर्षं "आणखी एक हिवाळा" चाललंय.

आणि गवताची सगळी जबाबदारी कांगारूवरच का? कॅनबरातल्याच मलिगन्स फ्लॅट या राखीव क्षेत्रातल्या प्रयोगात कांगारूंची चराई कमी केली, तसे 2000 टन ओंडकेही जमिनीवर पसरले. छोट्या सरड्यांना आणि भुंगेऱ्यांना त्या ओंडक्यांचा उपयोग झाला. पडलेलं लाकूड सरपणासाठी उचलून नेलं, तण माजू दिलं, सशांकडे दुर्लक्ष केलं, आणि बिल फाडलं कांगारूच्या नावानं.

माळरान

ओंडक्यांचं शंभर टक्के मान्य. पण त्याच प्रयोगात चराईचाही परिणाम दिसला, तो वगळू नका. दोन्ही लागतं. बंदूक बंद करायची घनता जाहीर करण्याची मागणी मात्र रास्त आहे, त्यावर माझा वाद नाही.

टायरवाला

गवताचं तुमचं चालू द्या, मी रस्त्याचं बोलतो.

सरळ हिशेब मांडा. ताशी 100 म्हणजे सेकंदाला 28 मीटर. दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 42 मीटर गेलेच. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी 55. एकूण 97 मीटर. हेडलाइटच्या खालच्या झोतात नीट दिसतं साधारण 50-60 मीटर. म्हणजे 100 ला तुम्ही आंधळेच चालवताय. 80 ला 68 मीटर लागतात, 60 ला 45. संध्याकाळी माळालगतच्या पट्ट्यात 60 ते 70 च्या वर जाऊ नका, यात श्रद्धा-भावनेचा प्रश्न नाही, भौतिकशास्त्र आहे.

हिवाळ्यात अपघात वाढतात त्याचं कारण घड्याळात आहे. दिवस लहान होतो, ऑफिस सुटायची वेळ आणि कांगारू चरायला निघायची वेळ एकच होते. दुष्काळात आणखी एक भर: डांबरावरून वाहणारं थोडंसं पाणी कडेला मुरतं आणि हिरवा कोंब तेवढाच उरतो.

कांगारू पळवायला गाडीला लावायच्या शिट्ट्या आणि अल्ट्रासाउंड यंत्रांवर पैसे घालू नका. मेलबर्न विद्यापीठाच्या चाचणीत शू-रू नावाच्या यंत्राला कांगारूंनी दाद दिली नाही. रस्त्याकडेच्या "आभासी कुंपणा"चं (खांबावर दर 25 मीटरला पेटी, हेडलाइट पडला की आवाज आणि निळा-पिवळा प्रकाश) टास्मानियात तीन वर्षांनी निम्मे मृत्यू घटल्याचं छापून आलं. नंतर त्या आकडेमोडीवर जाणकारांनी सडकून टीका केली. स्वयंचलित ब्रेकच्या भरवशावरही राहू नका. व्होल्वोनं कॅनबराजवळच्या टिडबिनबिला अभयारण्यात कांगारूंचं चित्रण केलं तेव्हा कळलं की कांगारू हवेत असला की यंत्रणेला तो लांब वाटतो, जमिनीवर टेकला की जवळ. हरणासाठी बनवलेलं गणित उडीपुढे गडबडलं.

वऱ्हाडी_पक्का

मग पेंचसारखं का नाही करत? नागपूर-सिवनी रस्त्यावर, एनएच 44 वर, 16 किलोमीटरच्या पट्ट्यात प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग काढलेत, 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत रुंद. वाघसुद्धा खालून जातो, कॅमेऱ्यात आलंय.

टायरवाला

उत्तम नमुना, पण तिथे जंगल सलग आहे आणि ओलांडायच्या जागा ठरावीक. इथे कांगारू शहरभर विखुरलेत, प्रत्येक रस्त्यावर उड्डाणपूल कोण बांधणार? जिथे अपघात वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात होतात, तिथे कुंपण आणि रस्त्याखालची मोरी ही जोडी चालते. कुंपण किमान 1.8 मीटर उंच. पण गंमत अशी की कांगारू शक्यतो उडी मारत नाही, तारेखालून सरपटतो. म्हणून खालची 30 सेंटीमीटर जाळी त्याच्या बाजूला वळवून जमिनीवर खुंट्यांनी ठोकायची. हे राहिलं की आठवड्यात भोक पडतं आणि आत आलेलं जनावर रस्त्यावरच कोंडतं. म्हणून मधेमधे फक्त रस्त्याकडून बाहेर उघडणारी एकदिशा दारंही हवीत. ओढ्यावर पुरात जाळी वाहून जाते, दर पावसानंतर बघावी लागते. मोरीत पाणी साचलं किंवा पलीकडचा उजेड दिसला नाही, तर कांगारू आत शिरत नाही. आणि कुंपण जिथे संपतं तिथे नवा अपघातबिंदू तयार होतो. टोक वळणावर कधीच ठेवू नये.

पिशवीतलं_पोर

धडक झालीच तर, कारण यात लोक चुकतात.

स्टिअरिंग फिरवू नका, सरळ ब्रेक. झाडावर गेलात तर कांगारूही वाचणार नाही. एक गेला की मागून दुसरा येतो, लगेच वेग घेऊ नका. सुरक्षित जागी थांबून, धोक्याचे दिवे लावून मगच जवळ जा. जिवंत जखमी नराच्या जवळ जाऊ नका, लाथेनं पोट फाटतं. प्राणी वाचवणाऱ्यांना फोन करा: न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स, व्हिक्टोरियात वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया, कॅनबरात सरकारी हेल्पलाइन.

मेलेली मादी असेल तर पिशवी बघा. आई मेल्यावरही आत पिल्लू एक-दोन दिवस जिवंत सापडतं. आचळाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, तोंड फाटतं. आचळ आईच्या बाजूनं कात्रीनं कापायचं आणि त्याचं टोक सेफ्टी पिननं पिशवीच्या कापडाला अडकवायचं, म्हणजे पिल्लू गिळणार नाही. उशीच्या अभ्र्यात घालून, वर स्वेटर गुंडाळून अंगाशी धरा. लव नसलेल्याला 32 अंशांच्या आसपास ऊब लागते. गाडीत गाणी बंद, पोरांच्या हातात देऊ नका, सेल्फी नको. गाईचं दूध अजिबात नाही, जुलाब लागून मरतं. शव रस्त्यावरून बाजूला ओढा, नाहीतर ते खायला आलेलं गरुड पुढच्या गाडीखाली जातं. पिशवी बघून झाली की अंगावर स्प्रेनं फुली मारतात, पुढच्याला थांबावं लागत नाही.

वऱ्हाडी_पक्का

भाड्याची गाडी असेल तर?

टायरवाला

करार आधी वाचा. नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बऱ्याच कंपन्या शहराबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवायला मनाई करतात. तेव्हा धडक झाली तर विमा हात वर करतो आणि रेडिएटरपासून बॉनेटपर्यंतचं बिल तुमच्या कार्डावर पडतं. स्वतःच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी असेल तरीही तेच. मुक्काम उजेडात गाठता येईल असा बेत करा.