एमजीबीचं सस्पेन्शन: मूळ पद्धतीचे भाग की पॉली बुश आणि टेलिस्कोपिक शॉकअप?
(किंगपिन, रॅकपिनियन आणि विशबोन ही चर्चा करणाऱ्या तिघांची टोपणनावं.)

किंगपिन
एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं पुढचं सस्पेन्शन उघडलं की बहुतेक जण थेट पॉलियुरेथेन बुश (सांध्यातल्या रबराच्या जागी बसणारे कडक तुकडे) आणि टेलिस्कोपिक, म्हणजे नळीच्या, शॉकअपचा किट मागवतात. माझं मत उलट आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मूळ पद्धतीचेच भाग लावावेत. फक्त ते त्याच गाडीचे हवेत.

ही गाडी १९६२ ते १९८० बनत होती आणि मधल्या काळात बरंच बदललं. म्हणून आधी चासिस नंबर वाचा. जीएचएन म्हणजे उघडी रोडस्टर, जीएचडी म्हणजे बंद छताची जीटी. जीटी मागून जड, त्यामुळे तिचे कमानपाटे कडक. ते रोडस्टरला लावले तर गाडीची मागची बाजू उचललेली राहते. १९७४ च्या अखेरीस रबर बंपर आले, तेव्हा अमेरिकी नियमांसाठी गाडी इंच-दीड इंच उंच केली. त्यात पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा भाग) आणि मागचे पाटे दोन्ही बदलले. अ‍ॅक्सलही बघा: रोडस्टरला १९६७ पर्यंत बँजो प्रकारचा होता, पुढे सॅलिसबरी प्रकारचा आला, आणि पाट्याचे यू-बोल्ट त्यावर ठरतात. गाडी साठ वर्षांत कितीदा जोडली-तोडली गेली असेल सांगता येत नाही, तेव्हा नंबर वाचून झाल्यावर गाडीखाली जाऊन समोर दिसतंय तेही ताडून घ्या.

रॅकपिनियन
ओळख पटवण्याबद्दल वाद नाही. पण 'मूळ पद्धतीचं रबर' आज मिळतं कुठे? स्वस्त नकली बुश थोड्याच काळात चिरतात, ऑइल लागलं की फुगतात. पॉली ऑइलला दाद देत नाही, हाताने बसतो, प्रेस लागत नाही. खालच्या विशबोनला (चाक गाडीला जोडणाऱ्या हाताला) पॉली लावल्यावर ब्रेक मारताना चाक मागे-पुढे सरकत नाही, हा फरक स्टिअरिंगवर लगेच कळतो.

विशबोन
दोघंही तिसरा पर्याय विसरताय. आठ सिलिंडरच्या एमजीबी जीटी व्ही८ ला (१९७३-७६) खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाला स्टीलच्या नळीवर चिकटवलेल्या रबराचे बुश होते. तेच साध्या एमजीबीच्या विशबोनमध्ये बसतात. साधे बुश गाडीला ८ लागतात, कारण प्रत्येक छिद्रात दोन अर्धे. व्ही८ चे फक्त ४. साबणाच्या पाण्यात ओले करून व्हाइसमध्ये दाबायचे, ग्रीस अजिबात नाही. पॉलीइतका धक्का अंगावर येत नाही आणि साध्या रबरासारखा ढिलाही पडत नाही.

मात्र पिव्हटचे (विशबोनच्या सांध्याचे) नट चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आल्यावरच आवळा. जॅकवर लटकत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. 'नकली बुश टिकत नाहीत' या तक्रारीतल्या कित्येक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

रॅकपिनियन
व्ही८ बुश मान्य. शॉकअपबद्दल मात्र मी ठाम आहे. आर्मस्ट्राँग कंपनीचे मूळचे लीव्हर आर्म शॉकअप (ऑइल भरलेले, दांड्यासारख्या हाताने चालणारे) गळतात, तापले की मऊ पडतात. टेलिस्कोपिक बरे.

किंगपिन
मागच्या बाजूला टेलिस्कोपिक लावा, तिथे माझा विरोध थोडाच. पुढची गोष्ट वेगळी आहे, कारण पुढे लीव्हर आर्मचा हातच वरचा विशबोन आहे. बऱ्याच किटमध्ये जुना लीव्हर आर्म व्हॉल्व्ह काढून तसाच ठेवतात आणि शेजारी नळीचा शॉकअप जोडतात. शाफ्टचं बेअरिंग झिजलं असेल तर प्ले (ढिलेपणा) जागच्या जागी! चाकाचा कॅम्बर (आत-बाहेर कल) हलतच राहणार, पैसे गेले ते गेले.

आणि 'रिबिल्ट' (उघडून दुरुस्त केलेले) लीव्हर आर्म म्हणून जे विकतात त्यातले काही नुसते धुऊन रंगवलेले असतात. विकत घेताना विचारा: शाफ्टला नवं बेअरिंग किंवा बुश बसवलं का? नवं सील घातलं का? शॉकअप हातात घेऊन त्याचा हात पूर्ण वर-खाली फिरवा. विरोध दोन्ही दिशांना सलग लागला पाहिजे. मध्येच मोकळा टप्पा लागला तर आत हवा आहे किंवा ऑइल कमी आहे. ऑइल भरून, हवा काढून पुन्हा बघा. शॉकअपचा हात आडवा हलवल्यावर शाफ्ट डुगडुगला तर तो परत करा.

विशबोन
पूर्ण वरचा विशबोन आणि कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) असलेला किट घेतला तर किंगपिनचा आक्षेप उरत नाही, कॅम्बरही जुळवता येतो. ट्रॅकवर नेणाऱ्याने तोच घ्यावा. बाकीच्यांना तो खर्च कशाला?

शॉकअप कोणताही लावा, त्याआधी खालचा फलक्रम पिन, म्हणजे किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं तो उभा पिन) खालच्या विशबोनला जोडणारा बोल्ट, काढून बघा. ग्रीस मिळालं नाही की बोल्ट भोवतीच्या नळीत (डिस्टन्स ट्यूबमध्ये) गंजून अडकतो, आणि मग किंगपिनही झिजलेला सापडतो. किंगपिनला प्रत्येक बाजूला ३ निपल (ग्रीस भरायची तोंडं) असतात; खालचा बुजलेला असेल तर वरून कितीही ग्रीस दाबा, खाली पोहोचत नाही. नवा किंगपिन बसवताना उभा प्ले वेगवेगळ्या जाडीच्या थ्रस्ट वॉशरने जुळवायचा असतो, म्हणून वॉशर एकाच मापाचे मागवू नका.

आणि कॉइल स्प्रिंग काढताना स्प्रिंग पॅनचे (स्प्रिंग ज्यावर टेकते त्या थाळीचे) सगळे बोल्ट एकदम सोडू नका. समोरासमोरचे दोन काढून त्यांच्या जागी लांब थ्रेडेड रॉड टाका, मग उरलेले काढा, आणि दोन्ही रॉडचे नट आळीपाळीने सोडत पॅन खाली आणा. खाली जॅक असू द्या. ती स्प्रिंग सुटली तर हात मोडते.