साल्मोनेला सुजलेल्या आतड्यात वाढतो कसा?

प्रश्न : साल्मोनेलाच्या संसर्गात आतड्याला येणारी सूज ही शरीराची बचावाची प्रतिक्रिया आहे, असे वाचले. मग त्या सुजेत हा जिवाणू मरण्याऐवजी वाढतो कसा?

प्रतिसाद १ : हा जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून स्वतःची प्रथिने आतड्याच्या अस्तरपेशींत टोचतो आणि त्या पेशी त्याला आत ओढून घेतात. त्याच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन शरीराने ओळखले, की धोक्याचे संदेश सुटतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात.

प्रतिसाद २ : खरे मर्म यापुढे आहे. न्यूट्रोफिल जे तीव्र ऑक्सिडीकारक पदार्थ सोडतात, त्यांच्यामुळे आतड्यातील थायोसल्फेट या गंधकाच्या संयुगाचे टेट्राथायोनेट हे दुसरे संयुग बनते, आणि ऑक्सिजन नसतानाही साल्मोनेला त्याच्या आधारे श्वसन करू शकतो. किण्वनावर, म्हणजे श्वसनाविना अन्न आंबवून मिळणाऱ्या ऊर्जेवर, जगणाऱ्या आतड्यातील रहिवासी जिवाणूंना मात्र ते साधत नाही. उंदरांवरील प्रयोगांतून हे २०१० मध्ये दाखवले गेले. मलाच्या नमुन्यातून साल्मोनेला निवडून वाढवण्यासाठी प्रयोगशाळांत टेट्राथायोनेटचे द्रावण त्याआधी कित्येक दशके वापरले जात होते, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

प्रश्नकर्ता : म्हणजे सूज पेटवणे हा त्याच्यासाठी जागा मिळवण्याचा मार्गच आहे. आता उलगडा झाला, मनःपूर्वक आभार.