धावपट्टी जवळ असून विमान शेतात का उतरवतात?

मुचंडीचा_पोरगा
आमचं गाव बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या जवळच. ट्रेनिंगची छोटी विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. ३० मे २०२३ ला त्यातलं एक होनिहाळजवळ शेतात उतरलं, आतले दोघे किरकोळ जखमांवर वाचले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या कट्ट्यावर त्यावरनं अजून भांडणं चालतात. एकजण म्हणतो पेट्रोल संपलं असणार. दुसरा म्हणतो शिकाऊ होता, घाबरला. आमचे तात्या तर छातीठोक सांगतात, घार आदळली. मला एवढंच विचारायचंय, धावपट्टी हाकेच्या अंतरावर असताना माघारी का फिरत नाहीत? आणि इंजिन बंद पडतं ते कशानं?

उद्यमबाग_लेथवाला
या इंजिनांना दोन मॅग्नेटो, म्हणजे प्लगला स्पार्कची वीज देणारी यंत्रं असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक गेला तरी दुसऱ्यावर चालतं. म्हणजे स्पार्क गेला म्हणून बंद पडणं अवघड. माझा संशय पेट्रोलवरच.

निवृत्त_फिटर
हवाई दलात पिस्टन इंजिनांचा फिटर होतो, त्यातली बरीच वर्षं हैदराबादजवळ डुंडीगलला एचपीटी-३२ या ट्रेनिंगच्या विमानावर. होनिहाळच्या विमानाला काय झालं ते मी सांगणार नाही. ते इंजिन मी उघडलेलं नाही. तात्यांनीही नाही.

आधी माघारी फिरण्याचं. सेसना १७२ सारखं विमान इंजिनाशिवाय नऊ फूट पुढं जाईतोवर साधारण एक फूट खाली येतं. हजार फुटांवर असलं तर वारा नसताना पावणेतीन किलोमीटर झाले. भरपूर वाटतं ना? पण उड्डाण केल्या केल्या, पाचशे फुटांवर बंद पडलं तर? दोन-चार सेकंद ‘हे काय झालं’ म्हणण्यातच जातात. मग वळायला गेलं तर अर्ध्या वर्तुळात भागत नाही, धावपट्टी बाजूला राहते, तिच्या रेषेत यायला पुन्हा उलटं वळावं लागतं. वळताना उंची भराभर जाते. हात आपोआप नाक वर ओढतो, वेग पडतो आणि एक पंख खाली जातो. तेवढ्या उंचीत तिथनं सावरता येत नाही. म्हणून शिकवतात, समोर जे दिसेल त्यात उतर. विमान मोडलं तर मोडू दे.

शेत कसलं निवडायचं ते तुम्हाला जास्त कळेल. मे अखेर म्हणजे रोहिणीचा पेरा, रानं भुसभुशीत. पुढचं चाक रुतलं की विमान नाकावर उलटतं. नांगरट असेल तर नांगराच्या तासाच्या दिशेनं टेकायचं, आडवं नाही. विजेची तार वरनं दिसत नाही, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरून चालायचं.

आता लेथवाले, मॅग्नेटोचं तुमचं बरोबर. पेट्रोलचंही बऱ्याच वेळा बरोबर निघतं, पण संपणं हा त्यातला एकच प्रकार. टाकीत असतं आणि इंजिनापर्यंत पोचत नाही, हा दुसरा. तिसरा पाण्याचा, त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. रोज उड्डाणाआधी टाकीच्या तळातनं बाटलीत नमुना काढायचा. विमानाचं पेट्रोल निळसर, पाणी जड, त्यामुळं तळाशी रेघ दिसते. एकदा पहाटे, टॉर्चच्या पिवळ्या उजेडात बघितलं, रेघ नाही. ओके म्हटलं. आमच्या वॉरंट ऑफिसरनी बाटली नाकाला लावली आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ओतली. वास नाही, उडूनही जाईना. बाटलीभर निव्वळ पाणीच होतं, रेघ येणार कुठनं!

चौथा प्रकार बर्फाचा. हसू नका. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे जिथं हवेत पेट्रोल मिसळतं तिथं, हवा अरुंद गळ्यातनं जाते, तिथंच पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीसेक अंशांनी सहज उतरतं. वळीव पडून गेल्यावरची दमट सकाळ असली की बाहेर २५ अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. वेळेवर गरम हवेचा खटका ओढला तर सुटतो. नाही ओढला तर इंजिन कुरकुरत गप्प. आणि शेतात लोक जमेपर्यंत बर्फ वितळलेला, इंजिन ठणठणीत! पण नव्या १७२ ला कार्ब्युरेटरच नसतो, इंजेक्शन असतं, म्हणजे पेट्रोल फवारलं जातं. म्हणून आधी मॉडेल विचारायचं, मग तर्क करायचा. उघडून बघायचं काम एएआयबीचं, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याचं, ते होईपर्यंत कट्टा चालू दे.

‘शिकाऊ घाबरला’ हे मात्र मला खटकतं. एचपीटी-३२ चं इंजिन हवेत बंद पडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. जुलै २००९ च्या अपघातात दोन अनुभवी प्रशिक्षक गेले, त्यानंतर ती विमानं जमिनीवर बसवली. ते दोघे काय शिकाऊ होते?

खानापूरवाली
माझा भाचा पायलटचं शिकतोय. तो सांगतो, इन्स्ट्रक्टर मुद्दाम थ्रॉटल मागं ओढतो आणि म्हणतो, ‘इंजिन गेलं, सांग कुठं उतरणार?’ मग हा शेत दाखवतो, बरंच खाली येतात आणि परत थ्रॉटल देऊन वर. खालच्यांना वाटतं विमान पडालंय. एकदा यानं छान हिरवंगार रान दाखवलं तर बोलणी खाल्ली. तो ऊस होता.

मुचंडीचा_पोरगा
अगदी असंच होतं! आवाज बंद झाला की आई अंगणात पळत येते.
फिटरकाका, तात्यांना सगळं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, “घार आदळली नाही, असं तरी यांनी कुठं म्हटलंय?”

निवृत्त_फिटर
नाही म्हटलं, खरं आहे. घार आदळली तर प्रोपेलरवर नाहीतर पंखाच्या कडेला रक्त, पिसं चिकटलेली सापडतात. तात्यांना विचार, पिसं बघितली काय?