फिलरने सुरकुत्या भरून घेतल्यावर वर्षभराने समाधान किती उरते?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. मी विश्रामबागेत राहते, वय 54, गेली 27 वर्षे माध्यमिक शाळेत शिकवते. दोन-तीन वर्षांत नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या दोन घड्या इतक्या खोल गेल्या आहेत की वर्गातल्या मुली मध्येच विचारतात, "बाई, आमचं काही चुकलं का?" मी मुळीच रागावलेली नसते, आणि तो प्रश्न मला दिवसभर टोचत राहतो.

मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे घडी आतून भरून काढणारे जेलचे इंजेक्शन, सुचवले आहे. त्यांनी दाखवलेली छायाचित्रे इंजेक्शननंतर दोन आठवड्यांची होती आणि त्यांतले सगळे चेहरे खुललेले दिसत होते. मला वर्षभरानंतरचे जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी हे करून घेतले आहे त्यांना आज कसे वाटते? आणि "रुग्ण समाधानी आहेत" असे जे सांगितले जाते ते ठरवतात कसे? यजमानांना कल्पना आहे, सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (सातारा)

ताई, मी 58 वर्षांची आहे. याच घड्यांसाठी 14 महिन्यांपूर्वी दोन्ही बाजू मिळून दोन सिरिंज, म्हणजे 2 मिली फिलर घेतले. भुलीचे मलम लावले होते आणि औषधातही भूल मिसळलेली होती, त्यामुळे दुखणे सोसण्यासारखे होते. सूज चार दिवस राहिली. उजव्या गालावरचा काळानिळा डाग मात्र आठ दिवस गेला नाही आणि मी पोवई नाक्यावर भाजी आणायलासुद्धा ओढणी गुंडाळून जात होते. हे दिवस आधी नीट समजावून सांगितले जात नाहीत, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

पहिला महिना मी फार आनंदात होते. नवव्या महिन्यात मात्र सगळे विरघळून गेले, पैसे वाया गेले, असे वाटून मी तक्रार घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काही न बोलता माझे पहिले छायाचित्र समोर ठेवले. घडी परत आलेली होती, पण पूर्वीच्या निम्मीसुद्धा नव्हती. रोज आरसा पाहणाऱ्याला आपला जुना चेहरा आठवत नाही, नव्याची मात्र सवय होते. तेव्हा इंजेक्शनच्या आधी, एकाच खिडकीजवळ, एकाच उजेडात, न हसता आणि हसून अशी आपली छायाचित्रे स्वतः काढून ठेवा. मी पुढे एकच सिरिंज पुन्हा घेतली आणि आज समाधानी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीला काही कळलेले नाही, "तब्येत सुधारलेली दिसते" एवढेच ती म्हणाली, आणि मला तेच हवे होते.

त्वचारोगतज्ज्ञ (मिरज)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. घडीची खोली पाच पायऱ्यांच्या मापावर मोजतात आणि एकंदर सुधारणा आणखी एका पाच पायऱ्यांच्या मापावर, "खूपच सुधारले" पासून "बिघडले" पर्यंत. ही मापे चेहऱ्याबद्दल सांगतात, समाधानाबद्दल फारसे सांगत नाहीत. घडी एक पायरीने उथळ झाली तरी माणूस नाराज असू शकतो. म्हणून पुढे फेस-क्यू नावाची प्रश्नावली तयार झाली. तिच्यात रुग्णाला त्याच्याच दिसण्याबद्दल आणि मनःस्थितीबद्दल विचारून 0 ते 100 असे गुण काढतात.

अमेरिकेत 2003 साली रेस्टिलेन या हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरला मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचणीत 138 जणांच्या एका बाजूच्या घडीत हे फिलर आणि दुसऱ्या बाजूला गाईपासून मिळवलेले कोलॅजेन दिले होते, म्हणजे तुलना एकाच चेहऱ्यावर झाली. अशी रचना मला विश्वासार्ह वाटते. मात्र पुष्कळ चाचण्यांचा खर्च उत्पादकच करतात आणि नाराज रुग्ण पुन्हा तपासणीला यायचेच टाळतात, हे ध्यानात ठेवूनच समाधानाचे आकडे वाचावेत.

या घड्यांमध्ये हायलुरॉनिक ॲसिड साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते, काही प्रकार त्याहून थोडे अधिक. गाल उतरल्यामुळे घडी पडली असेल आणि केवळ घडीच भरत गेलो, तर तोंडाभोवतीचा भाग जड दिसू लागतो, आणि माझ्याकडे आलेल्या नाराज रुग्णांपैकी बरेचजण याच कारणाने नाराज होते. कपाळाच्या आठ्यांसारख्या, स्नायू आखडल्याने पडणाऱ्या रेषांना स्नायू सैल करणारे बोटॉक्स लागते. ते वेगळे औषध आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या घडीलगत चेहऱ्याची मुख्य रोहिणी जाते. औषध तिच्यात शिरले तर त्वचा पांढरी पडते किंवा जाळीदार निळसर दिसते आणि वेदना होतात, क्वचित दृष्टीही जाते. असे काही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. हायलुरोनिडेज हे विरघळवणारे औषध दवाखान्यात तयार आहे का, हे सुई लावून घेण्यापूर्वीच विचारावे. कॅल्शियमच्या फिलरवर ते चालत नाही. सीलबंद सिरिंज आपल्यासमोर उघडायला सांगावी आणि तिच्यावरचे बॅच क्रमांकाचे लेबल मागून घ्यावे.

द्राक्षबागवाली (तासगाव)

माझा अनुभव चांगला नाही, तोही इथे असावा म्हणून लिहिते. पंचवीस वर्षे छाटणी-विरळणीच्या दिवसांत उन्हात उभी राहिले, त्याने चेहरा करपला आणि डोळ्यांखाली काळे पडले. दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात गेले. तिथे मला काय खुपते हे कोणी विचारले नाही, सिरिंज किती घेणार एवढेच विचारले. डोळ्यांखाली भरलेले औषध वरच्या थरात राहिले आणि पातळ कातडीतून निळसर पट्टा दिसू लागला. सकाळी उठल्यावर तिथे पिशव्या यायच्या. आठ महिने मी लग्नकार्याला गेले नाही. शेवटी सांगलीत हायलुरोनिडेज देऊन ते काढून टाकले आणि दोन दिवसांत पट्टा गेला. तेव्हा समजले की माझा काळेपणा त्वचेच्या रंगाचा होता, खळगा नव्हताच. तो फिलरने जाणार नव्हता. आता टोपी, सनस्क्रीन आणि रात्रीचे मलम चालू आहे, त्याने हळूहळू फरक पडतो आहे.

कृष्णाकाठची (सांगली)

तिघांचेही मनापासून आभार. तासगावच्या ताई, तुमचे वाचून मी कागद घेऊन बसले आणि मला नेमके काय हवे ते लिहिले: "शांत बसले असताना चेहरा रागीट दिसू नये." हाच कागद डॉक्टरांपुढे ठेवणार आहे. गाल उतरले आहेत का, हेही विचारीन. सूज आणि डागांचा हिशोब धरून मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला आठवडा ठरवते आहे. साताऱ्याच्या ताई, एक विचारायचे राहिले: दुसऱ्या वेळी तुम्हाला एकच सिरिंज का पुरली, आणि ती कितव्या महिन्यात घेतलीत?