ओडिसियस : नायक की कपटी?

प्रश्न (म्हापशाची वाचक)
आमच्या वाचक मंडळात सध्या ग्रीक साहित्य अनुवादातून वाचले जात आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात ट्रॉयच्या युद्धानंतर संकटांतून वाट काढत घरी पोहोचणारा ओडिसियस मनाला भावला, परंतु सोफोक्लीजच्या ‘फिलॉक्टेटीस’ नाटकात तोच ओडिसियस एका जखमी, एकाकी माणसाचे धनुष्य मिळवण्यासाठी अकिलीस या ग्रीक योद्ध्याच्या कोवळ्या मुलाला, नेओप्टोलेमसला, खोटे बोलण्याचे धडे देतो. होमरनंतरच्या ग्रीकांना हा नायक नकोसा झाला होता काय?

उत्तर (फोंडेकर)
नकोसा झाला असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्याविषयीचा संशय होमरमध्येच आहे. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात समजूत घालायला आलेल्या ओडिसियसला अकिलीस सुनावतो की, मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवणाऱ्या माणसाचा त्याला मृत्युलोकाच्या दारांइतका तिटकारा आहे. उलट ‘ओडिसी’च्या तेराव्या सर्गात ओडिसियस आपल्या इथाका बेटाच्या किनाऱ्यावर वेषांतर केलेल्या अथीनालाच थाप मारतो, आणि देवी न रागावता हसून त्याला कुरवाळते.

माझ्या मते फरक कपटात नसून ते कोणावर चालवले जाते यात आहे. ‘ओडिसी’त एकटा पडलेला माणूस नरभक्षक सायक्लॉप्सला किंवा पत्नीला मागणी घालत घर बळकावून बसलेल्यांना फसवतो, तेव्हा वाचक त्याच्या बाजूने असतो. अथेन्सच्या रंगभूमीवर मात्र त्याच्या पाठीशी अख्खे सैन्य असते आणि समोर असते एखादी असहाय व्यक्ती. युरिपिडीजच्या ‘हेक्युबा’ नाटकात ट्रॉयची ही बंदिवान राणी, हेरगिरीसाठी ट्रॉयमध्ये आलेल्या ओडिसियसला आपण जीवदान दिल्याची आठवण त्याला करून देते. तो ते उपकार मान्य करतो, तिला वाचवण्याची तयारीही दाखवतो आणि तिची मुलगी पॉलिक्सेना हिला मात्र बळी देण्यासाठी घेऊन जातो. एवढा सफाईदार युक्तिवाद मला उघड क्रौर्यापेक्षा अधिक अंगावर येतो.

उत्तर (दशावतारप्रेमी, पेडणे)
आपल्या जत्रेतल्या नाटकाला बसलेल्यांना कथा आधीच ठाऊक असते. आजचा नट ती कशी वळवतो हेच पाहायचे असते. अथेन्समध्येही नाटके डायोनायससच्या उत्सवात होत आणि कथा बहुधा परिचित असे. तेव्हा प्रत्येक नाटकातील ओडिसियस त्या नाटकाच्या गरजेनुसार घडवलेला असणार. सोफोक्लीजच्याच ‘अजॅक्स’मध्ये अथीना त्याला वेड्या झालेल्या शत्रूवर हसायला सांगते, तर त्याला त्या शत्रूची दया येते, शेवटी अजॅक्सचे दफन व्हावे म्हणून तोच ग्रीक सेनापती अगामेम्नॉनचे मन वळवतो. लेखक तोच, पण माणूस अगदी निराळा.

प्रश्नकर्ती
मग हा फरक अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धामुळे पडला असे म्हणता येईल का? ‘फिलॉक्टेटीस’ इ.स.पू. ४०९ मधले आहे, म्हणजे युद्ध लांबलेले असताना.

उत्तर (फोंडेकर)
काही प्रमाणात म्हणता येईल. अथेन्सच्या नागरिकसभेत गोड बोलून मते वळवणाऱ्या पुढाऱ्यांचा अनुभव प्रेक्षकांना होताच, आणि ‘हेक्युबा’तील वृंद (कोरस) ओडिसियसला जवळजवळ त्याच शब्दांत रंगवतो. परंतु एवढ्याने भागत नाही. पिंडार अथेन्सचा नव्हे, थीब्ज परिसरातला कवी. युद्ध सुरू होण्याआधीच त्याने एका विजयगीतात लिहिले की, होमरच्या मधुर शब्दांमुळे ओडिसियसची कीर्ती त्याने सोसलेल्या दुःखापेक्षा मोठी झाली. शिवाय हा प्रवास सरळ उताराचाही नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात पुढचा जन्म निवडताना ओडिसियसचा आत्मा महत्त्वाकांक्षेला विटून एका सामान्य खाजगी माणसाचे आयुष्य शोधून काढतो. हा ना होमरचा नायक, ना ‘हेक्युबा’तला वक्ता.

मंडळात ‘अजॅक्स’ आणि ‘फिलॉक्टेटीस’ लागोपाठ वाचावीत असे सुचवतो. ‘हेक्युबा’ त्यानंतर घ्यावे, अन्यथा सोफोक्लीजच्या ओडिसियसकडे आपण आधीच वाईट नजरेने पाहू लागतो.

प्रश्नकर्ती
देव बरे करू. पुढच्या बैठकीला ‘अजॅक्स’ घेत आहोत.