बंपर निघालाय बाहेर, गॅरेजला घालू का हातानंच बसंल?

बी-४०३ : मंडळी गाडीच्या बॉडीचं कुणाला कळतं का? काल पार्किंगमध्ये वळवताना खांबाला डावी बाजू लागली, हळूच लागली, पण बंपरचा कोपरा चाकाजवळ बोटभर बाहेर आलाय आणि बॉनेट त्याच बाजूला जरा उचलल्यासारखं दिसतंय. गॅरेजवाला फोटो बघूनच म्हणाला बंपर नवीन घाला, पेंट वेगळा, १४ हजार. फोटो टाकतोय

ए-३०४ : आई अंबाबाई 😄

सेक्रेटरी : खांबाचा पिवळा रंग कुठं गेला ते कळलं. रविवारी टाकी धुणार आहेत, ८ ते १ पाणी बंद, सर्वांनी नोंद घ्यावी.

सी-२०२ : १४ हजारात माझी स्कूटी येती रे सेकंडहँड

बी-१०३ : दादा हे रील बघ, किटलीभर उकळतं पाणी ओतायचं, डेंट आपोआप बाहेर. मी उद्या माझ्या मागच्या दारावर करणार आहे

ए-१०१ काका : आरं थांब थांब दारावर पाणी ओतू नको. दार पत्र्याचं हाय, बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक गरम झालं की मऊ होतंय आणि आतनं हातानं दाबलं की बाहेर येतंय, पत्र्याला उकळत्या पाण्यानं काय फरक पडत न्हाई, चहा तेवढा कर त्या पाण्याचा

बी-१०३ : 🙏

ए-१०१ काका : आणि बंपरवर पण जुना रंग असंल, आधी एकदा रंगवलेला असंल तर दाबताना तडकतोय. हातमोजे घाल. आता ४०३ तू सांग, बंपर फाटलाय का? फोटोत मला तरी चीर दिसंना.

बी-४०३ : नाही काका, फाटला नाही, नुसता बाहेर लोंबतोय

ए-१०१ काका : मग त्यो मोडला न्हाई, जाग्यावरनं सुटलाय. उद्यमनगरात गाड्या दुरुस्तीचं शेड होतं माझं तवा लोक असंच घाबरून यायचे, निम्म्या गाड्यांना मोडलेलं काही नसायचं. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं फिरव म्हंजी डाव्या चाकाच्या पुढं हात जायला जागा होती, तिथं आत एक काळं प्लास्टिकचं अस्तर हाय आणि बंपर नि फेंडर (चाकावरचा बाजूचा पत्रा) जिथं भेटतात तिथं एक स्क्रू असतोय, बऱ्याच गाड्यांना. त्यो हाय का, का निघून पडलाय, ते बघ. फेंडरच्या कडंला आत एक पट्टी असती तिला छोटे छोटे दात असतात, बंपरची कड त्या दातात अडकती. दात शाबूत असले तर कड वरनं सरळीत आणायची आणि तळहातानं चाकाकडनं पुढं पुढं दाबत जायचं, टक टक आवाज येतो. मधनंच बुक्की मारायची न्हाई. दात मोडले असतील तर फक्त ती पट्टी नवीन मिळती, बंपर न्हाई बदलायला लागत.

ए-३०४ : काकांनी आज क्लासच घेतला

डी-१०२ : समोरून फॉग लँपची वायर असंल तर बंपर ओढायच्या आधी कपलर (वायरचा जोड) सोडा. पार्किंग सेन्सर असलेल्यांनी तर ओढाओढी करूच नका. आणि पुढच्या बाजूला एअरबॅगचे सेन्सर असतात, तिथल्या कुठल्या बोल्टला हात लावायचा नाही.

बी-४०३ : सेन्सर मागेच आहेत माझ्याला. काका वर रेडिएटरपाशी दोन क्लिपा पण गायब आहेत

ए-१०१ काका : राहिलेल्यातली एक काढून दुकानात ने, भोकाच्या मापात फरक असतो, "द्या एक क्लिप" म्हणून आणलेली ढिली बसती. काढताना मधला खिळा आधी वर उचलायचा मग बाकीची क्लिप, पेचकस घालून सगळंच उपटलंस तर तुटली. घालताना उलटं, खिळा वर ठेवून क्लिप घाल आणि मग खिळा दाबून सपाट कर.

सी-२०२ : हे मला पण पाहिजे होतं, माझ्या गाडीच्या खालचं कव्हर लोंबतंय, राधानगरी रोडच्या खड्ड्यात गेलं. मी बघतो उद्या

बी-१०३ : इन्शुरन्स क्लेम करायचा की सरळ. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाचे पैसे न कापणारी पॉलिसी, असंल तर काय खर्च?

ए-३०४ : असं नसतंय. क्लेम नसेल तर बोनस, म्हणजे प्रीमियममध्ये सूट, पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला शून्य, बोनस प्रोटेक्शन घेतलं असेल तर वेगळं. शिवाय झिरो डेपला पण प्रत्येक क्लेमला फाईल चार्ज म्हणून १५०० सीसी पर्यंत १ हजार आणि त्याच्या वर २ हजार आपल्या खिशातनं. आणि बोनस फक्त आपल्या गाडीच्या भागाच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही, त्यामुळं दोन-चार हजाराच्या कामाला क्लेम करणं परवडतं का हे कागद काढून बघायचं. मोठा ठोका असेल तर मात्र बिनधास्त करा, त्यासाठीच भरतोय

बी-४०३ : बॉनेटचं काय करू पण काका? ते जास्त खुपतंय. बंपर खाली आहे, दिसत नाही, बॉनेट बसल्या जागी समोर दिसतंय

ए-१०१ काका : बॉनेटचं सगळ्यात आधी हे बघ की कडी पूर्ण लागती का. पहिल्या खटक्यावर अडकून राहिलं असंल तर गाडी हलवू नको, हायवेला वाऱ्यानं उघडलं तर काचेवर येतंय. पूर्ण लागत असंल तर मग फटी मोज.

डी-१०२ : मोजायला जुनी एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड पाऊण मिलिमीटर असतं. डावीकडं किती कार्डं जातात, उजवीकडं किती, मागं काचेजवळ किती, वहीत लिहून काढा. नुसत्या नजरेला कधी कधी उन्हामुळं पण वाकडं दिसतं

ए-१०१ काका : हे भारी सांगितलं. आता बॉनेट उघड, पुढच्या दोन्ही कोपऱ्यात रबरी बोळे दिसतील, त्येंच्यावर बॉनेट टेकतंय. बोळा फिरवला की वर खाली होतो. धक्क्यानं डावा बोळा फिरून वर आला असंल तर तेवढ्यानंच उंची जुळती, अर्धा आटा फिरव, बंद कर, बघ, परत. लई खाली घेतला तर बॉनेट खडखडतंय. ह्यानं न्हाई झालं तर बिजागरीचे बोल्ट, १० नाहीतर १२ चा गोटी पाना लागतो. पण ढिले करायच्या आधी बिजागरीच्या भोवती मार्करनं रेघ मार!! ही रेघ मारली न्हाई तर आपण कुठनं निघालो तेच कळत न्हाई आणि मग सगळंच वाकडं होऊन बसतंय. बोल्ट पूर्ण काढायचे न्हाईत, नुसते सैल, दोघंजण पाहिजेत, एक इकडं एक तिकडं, मिलिमीटरभर सरकवायचं नि आवळायचं. फेंडरच्या कोपऱ्याला आधी मास्किंग टेप लाव आणि पहिल्यांदा बंद करताना हळू, टेकतंय का बघत, धाडदिशी सोडू नको, तिथंच रंग उडतो.

सेक्रेटरी : पार्किंगमध्ये काम करायचं तर रात्री १० च्या आत आवरा. आणि तेल सांडलं तर पुसा.

बी-४०३ : आणि कधी हात लावायचा नाही?

ए-१०१ काका : आत रेडिएटर ज्या आडव्या पट्टीला धरलाय ती वाकली असंल, हेडलाईट जिनं बॉडीला धरलाय ती मागची पाकळी तुटली असंल, किंवा बॉनेट सरळ करायला फेंडरच ओढायला लागत असंल, तर सोडून दे. तिथं पत्रा वाकलाय, बोल्टनं वाकलेलं सरळ होत न्हाई. तसा माणूस बघून दे, स्वस्तातला बघू नको, पुट्टीचे थर थापून वर रंग मारतात. चुंबक लावून बघायचं, पुट्टीवर चिकटत न्हाई.

बी-१०३ : जुनी गाडी घेताना हे करून बघतो मी. बंपरला लावू नका पण, प्लास्टिकला काय चिकटणार

सी-२०२ : काका दार पण सांगा ना. माझं ड्रायव्हरचं दार बंद करताना उचलून आपटायला लागतंय

ए-१०१ काका : अर्धं उघड आणि खालनं धरून वर उचल. हललं तर बिजागरीची पिन झिजलीय, ती बदलायची, दुसरं काय न्हाई. अजिबात हलत न्हाई आणि तरी लागत न्हाई तर मग गाडीच्या चौकटीवरची कडी, जिच्यात दाराचं कुलूप अडकतंय ती, रेघ मारून जराशी वर खाली करायची. लोक पहिल्यांदा कडीच फिरवतात, चार दिवस बरं वाटतं नि मग परत.

सी-२०२ : हलतंय वर 😔

ए-३०४ : हेडलाईट पिवळ्या झाल्यात त्याला काय? माझ्या बायकोनं टूथपेस्ट लावून घासल्या, मस्त दिसल्या, महिन्याभरात परत तशाच

डी-१०२ : टूथपेस्ट म्हणजे बारीक भुकटीच, वरचं घाण थर काढते. वरची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, एक प्रकारचं प्लास्टिकच, त्यावर कंपनीचा एक कडक थर असतो, तो उन्हानं जातो म्हणून पिवळं पडतं. पाणी मारत १०००, मग २०००, मग ३००० चा पॉलिश पेपर, मग कंपाउंड, आणि शेवटी ऊन अडवणारं कोटिंग लावलंच पाहिजे, ते विसरला तर टूथपेस्टवालीच गोष्ट. कडेला रंगावर टेप लावून घासा. आणि आतून धुकं धरलं असेल तर बाहेरून घासून उपयोग नाही.

बी-४०३ : खांबाचा पिवळा रंग पण लागलाय बंपरला, तो पण पॉलिश पेपरनं काढू का?

ए-१०१ काका : न्हाई न्हाई. नख फिरवून बघ आधी. नख अडकत नसंल तर ते तुझ्या गाडीचं खरवडलेलं न्हाई, खांबाचा रंग वर बसलाय. मऊ कापडाला रबिंग कंपाउंड, सावलीत, जोर न लावता. सगळा रंग मिळून शंभर-दीडशे मायक्रॉन असतोय, वरचा पारदर्शक थर त्यातला अर्धा पण न्हाई, लई घासलंस तर त्योच जातो आणि डाग पांढरा दिसाय लागतो. नख अडकलं आणि बंपरच असंल तर घाई न्हाई, प्लास्टिक गंजत न्हाई. पत्र्यावर धातू उघडा पडला असंल तर मात्र पावसाच्या आधी टचअप मार, आपल्याकडं एकदा जून लागला की चार महिने वाळत न्हाई काय. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, "लाल द्या" म्हणून घेऊ नको.

बी-४०३ : काका तुमच्या दारात येऊन गाडी उभी करतो. रात्री बंपर बसतोय का बघूया

ए-१०१ काका : ये. टॉर्च आण, आणि पाना माझ्याकडं हाय

*(काही तासांनी)*

बी-४०३ : बसला!! पट्टीचे दोन दात गेलेत पण बाकी धरलाय, टक टक आवाज आला काकांनी सांगितला तस्साच. डावा बोळा खरंच वर आला होता, दोन आटे फिरवले, आता दोन्हीकडं पाच कार्डं जातात, बोल्टला हात लावलाच नाही. १४ हजारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं

बी-१०३ : नाद खुळा 🔥

सी-२०२ : काका मी पण उद्या सकाळी आणतो गाडी, आंबोळ्या घेऊन येतो

ए-१०१ काका : आंबोळ्या आण पण दाराची पिन मी न्हाई बदलत, ते वजनाचं काम हाय, दोन माणसं नि जॅक लागतो. ४०३, ती पट्टी मात्र आठवडाभरात बदल, दोन दात गेल्यात म्हंजी पुढच्या खड्ड्यात परत सुटतोय.

सेक्रेटरी : ४०३, खांबाला पिवळा रंग मारायचा आहे, डबा तुम्ही आणणार का मी मेंटेनन्समध्ये लावू?